नकाशांचा संगणक कोणी बंद पाडला?

“दुरुस्तीवाले काका चहाला गेलेत. आत्ताच चल,” गोट्या कुजबुजला आणि आईच्या नकाशा-छापखान्यात मांजराच्या पावलांनी शिरला. मागोमाग सुट्टीला मावशीकडे आलेली त्याची मावसबहीण पिंगी.

कोपऱ्यातला जुना संगणक कालपासून मुका होता; दुरुस्तीवाले येईपर्यंत आईने त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. गोट्याचे बाबा आता नव्हते. त्यांनी आखलेले नकाशे तेवढे त्यात उरले होते. वायरीला पाय लावलास म्हणून मावशीने गोट्याला फैलावर घेतलं, तेव्हा पिंगी ताटात बघत जेवत राहिली होती.

आज दुरुस्तीवाल्यांनी लिनक्स या संगणकप्रणालीचा पेनड्राइव्ह लावून पाहिला आणि डिस्क कोरी आहे, असं सांगून टाकलं. चहा झाला की ती पुसून नवं लिनक्स घालणार होते.

“कोरी नाहीये. आत लिनक्स नाहीच, दुसरीच प्रणाली आहे, म्हणून त्यांना दिसत नाही,” पिंगी म्हणाली.

“तुला कसं माहीत?”

“वाचलं कुठेतरी.” तिचे कान तापले.

काल छपाईचा प्रोग्राम अडकला होता. मावशी मुख्य खातं उघडंच टाकून बाहेर गेली होती. शाळेत लिनक्स शिकलेल्या पिंगीने ऐटीत ‘किलऑल’ ही आज्ञा दिली. लिनक्सवर ती नाव दिलेला प्रोग्रामच बंद करते. इथे सगळंच बंद पडलं. मग मोबाइलवर शोधाशोध केल्यावर कळलं, की लिनक्स, बीएसडी, सोलॅरिस ही युनिक्सच्या वळणाची निरनिराळी घराणी. चेहरेपट्टी सारखी, पण सोलॅरिसवर हीच आज्ञा सरसकट सगळ्यांना झोपवते.

आता तिने पेनड्राइव्ह उपटला, संगणक पुन्हा चालू केला आणि ‘यूनेम’ टाइप केलं. घराणं विचारायची ती आज्ञा. उत्तर आलं: सनओएस. म्हणजे सोलॅरिसच! पाठोपाठ नकाशे उघडले.

दारात मावशी आणि दुरुस्तीवाले थबकले. “मी पुसूनच टाकणार होतो,” ते ओशाळून म्हणाले. “हुशार आहे हो पोरगी.”

मावशीने डोळे पुसले. “गोट्या, शीक हिच्याकडून. तू बंद पाडलास, हिने चालू केला.”

पिंगी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

“मावशी, मी बंद पाडला. त्याने नाही.”

मावशी लेकाकडे वळली. “मग तू बोलला का नाहीस रे?”

“मी दारातून पाहिलं होतं,” गोट्या म्हणाला. “म्हटलं, ती सांगेल.”

मावशीने त्याला जवळ ओढलं आणि दुसरा हात पिंगीच्या डोक्यावर ठेवला. “सांगितलंस, हे चांगलं केलंस.”

पिंगीला काही मान वर करता आली नाही.