शेवटच्या ठाणातली काजळी

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण "भास झाला असेल" असं मला कोणी सांगू नका. ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय.

रात्र नव्हती. शनिवार होता, सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन.

मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. केसाएवढा फरक पडला तरी माल परत येतो. त्यामुळे जे ऐकलं आणि जे पाहिलं, तेवढंच सांगते. पदरचं काही नाही.

दहाव्या वर्षापासून मी घोड्यावर बसत होते. चोविसाव्या वर्षी पडले. शहराबाहेरच्या रायडिंग स्कूलमध्ये, अडथळ्यावरून उडी घेताना. खोगीर एका बाजूला सरकलं, मी आपटले आणि शेजारीच घोडी कोसळली. माझ्या कंबरेचं हाड मोडलं. तीन महिने हॉस्पिटल.

घोडीचं नाव काजळी. शाळेचीच होती, पण माझ्याशिवाय कोणाला पाठीवर टिकू देत नव्हती.

आमचे मास्तर हॉस्पिटलमध्ये आले होते. म्हणाले, "घोडी बिथरली गं. तिचा काही नेम नाही. एका ओळखीच्यांच्या शेतावर सोडली. मोकळी चरतेय."

मी विश्वास ठेवला.

आणि काजळीवर राग धरला... एकोणीस वर्षं. थंडीत कंबर ठणकली की मी तिला शिव्या घालायचे. ती कशी आहे, एकदाही विचारलं नाही.

मग लग्न, मुलगी, नोकरी. घोडा मागे पडला. यंदा मुलगी शिकायला बाहेर गेली आणि घर खायला उठलं. मी दादाला म्हटलं, पुन्हा घोड्यावर बसणार.

"त्रेचाळिसाव्या वर्षी? वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच!" दादा पोट धरून हसला.

मी गेलेच. शाळा तीच, मास्तर तेच. सत्तरी गाठलेली, पण गळ्यात शिट्टी. मला बदाम नावाचा शांत तपकिरी घोडा मिळाला. रिकिबीत पाय टाकला, वर बसले आणि पाठ आपोआप ताठ झाली. अंग काही विसरलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मी स्कूटरवर रडले. आनंदाने.

पुढच्या शनिवारी ते सुरू झालं.

रिंगणात मी एकटीच होते. बदाम संथ चालत होता. आणि मागून...

टक्. टक्. टक्.

मग थोडी रिकामी जागा.

पुन्हा टक्. टक्. टक्.

मागे कोणी नव्हतं. बदामचे दोन्ही कान मात्र मागे वळले होते.

घोडा चालतो तेव्हा चार टापा पडतात. इथे चौथी पडतच नव्हती.

आणि खाली वाळू होती. वाळूवर असा आवाज येत नाही हो. तो फरशीवरचा आवाज होता.

तिसऱ्या शनिवारी तो आवाज माझ्या बरोबरीने चालू लागला. अगदी गुडघ्याशी. उजव्या पोटरीला ऊब लागत होती, जवळून दुसरं जनावर जावं तशी. मी हात खाली नेला...

काहीच नव्हतं. ऊब मात्र होती.

आवाज रिंगणाबाहेर पडला आणि तबेल्याकडे गेला. मी बदामला त्या आवाजामागे वळवलं. तबेल्यात एका ओळीत दहा ठाणं आहेत, घोडे बांधायच्या खोल्या. नवव्यापर्यंत बदाम आला आणि थांबला. टाच मारली, चुचकारलं. एक पाऊल पुढे टाकेना. घामाने निथळत होता.

दहाव्या ठाणाचं लाकडी दार बंद होतं. आतून...

टक्. टक्. टक्.

समोरच्या शेडमध्ये नालबंदकाका एका घोड्याला नाल ठोकत होते. माझ्या लहानपणापासून इथेच काम करणारा माणूस. त्यांचा हातोडा हवेतच थांबला.

"ताई... तुम्हालाही ऐकू येतं?"

"काय आहे तिथे, काका?"

त्यांनी हातोडा खाली ठेवला. मी घोड्यावरून उतरले, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "काका, काय आहे तिथे?"

"काजळी."

"ती शेतावर गेली."

"कसलं शेत!" काका मान खाली घालून म्हणाले. "पडली तेव्हा तिचा पुढचा पाय मोडला. डॉक्टरला बोलावलं असतं तर त्याने सुई देऊन सोडवलं असतं बिचारीला. पण डॉक्टर आला असता तर विचारलं असतं, खोगीर सरकलं कसं? तंग तुटला होता, ताई. शिवण उसवलेली होती."

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा. आदल्या आठवड्यातच मी मास्तरांना तो दाखवला होता. "चालतंय अजून," म्हणाले होते.

"तिला आत कोंडली," काका म्हणाले. "पाणीसुद्धा नाही. लवकर आटपावं म्हणून. तीन पायांवर उभी होती. पाच दिवस."

"आणि तुम्ही?"

"माझ्याही घरात खाणारी तोंडं होती, ताई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांवर, मास्तरांवर, माझ्या स्वतःवर. पाच दिवस ती तहानलेली उभी होती आणि मी एकोणीस वर्षं तिलाच शिव्या घालत होते.

मास्तर ऑफिसातून बाहेर येत होता. हो, सांगताना इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही. गुळगुळीत दाढी, कानाच्या पाळीला साबण.

"काजळीला पाणी का नाही दिलंत?" मी ओरडले.

त्याने आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढ्या वर्षांनी हे काय उकरून काढलंस? जनावर होतं ते."

"तंग दाखवला होता मी तुम्हाला!"

"तुला नीट बसता येत नव्हतं, त्याचं खापर माझ्यावर?"

चोराच्या उलट्या बोंबा! मी दहाव्या दाराकडे बोट केलं. "मग तो आवाज कसला आहे?"

"कुठला आवाज? पोती आहेत आत. ये, दाखवतो." तो तरातरा गेला, कडी काढली, दार ढकलून आत शिरला. "बघ! काय आहे इथे?"

दार बंद झालं.

वारा नव्हता. कोणी हात लावला नव्हता.

आतून तो ओरडला, "उघड!" मग दारावर धक्के. मग माझ्या नावाने हाका. पुन्हा पुन्हा.

मी दारापासून दोन हातांवर उभी होते...

आणि मी हलले नाही.

काका धावत आले. त्यांनी दार ओढलं, खांदा लावला. कडी उघडी लोंबत होती, तरी दार जागचं हलेना. "ताई, हात लावा!" ते ओरडले. मी लावला नाही. हाका बारीक होत गेल्या. मग थांबल्या.

आणि दार आपणहून उघडलं.

पाच मिनिटं झाली असतील. फार तर सहा.

मास्तर भिंतीला धरून उभा होता. ओठ फुटून रक्त सुकलेलं. डोळे खोल गेलेले. आणि गालांवर पांढरी खुंटं... चार-पाच दिवसांची वाढलेली दाढी. काकांनीही पाहिली. विचारा त्यांना.

"पाणी..." तो म्हणाला.

काकांनी बादली आणली. त्याने तोंडच घातलं बादलीत. मग माझ्याकडे बघत विचारलं,

"आज कोणता वार?"

"शनिवार," काका म्हणाले.

त्याला ते पटलंच नाही. हॉस्पिटलमध्येही डॉक्टर कोड्यात पडले; म्हणाले, हा माणूस कित्येक दिवस पाण्यावाचून राहिलाय. आत काय दिसलं ते त्याने कोणालाच सांगितलं नाही. तो आता अंथरुणावरच असतो. शाळा बंद झाली, घोडे दुसरीकडे गेले.

दादा म्हणतो, "झालं ते झालं, आता माफ कर त्याला." मला जमत नाही. राग तसूभरही उतरलेला नाही.

पण स्ट्रेचरवरून नेताना मास्तर माझ्याकडे बघून जे बोलला, ते माझी पाठ सोडत नाही.

"दाराच्या फटीतून तू दिसत होतीस. रोज हाका मारल्या तुला. दिवसा, रात्री... तू नुसती उभी होतीस."

लोक मला विचारतात, दार कोणी धरून ठेवलं होतं?

मला माहीत नाही. माझ्या पायांना कोणी धरलेलं नव्हतं, एवढं मात्र पक्कं माहीत आहे.