गुळगुळीत फोटोचा संशय

निहारच्या पाठीचा नवा एक्स-रे पडद्यावर आला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. मागचा फोटो कसा गुळगुळीत, स्वच्छ होता. हा मात्र रवाळ, सगळीकडे बारीक ठिपके. फोटो काढला होता झरोकानं, म्हणजे रुग्णालयात नुकत्याच आलेल्या यंत्रमानवानं.

निहार माझा धाकटा भाऊ. त्याचा कणा एका बाजूला वळतोय. बाक वाढला तर शस्त्रक्रिया, नाही वाढला तर पाठीला आधाराचा पट्टा बांधून भागेल. म्हणून मी झरोकाला फोटो पुन्हा काढायला सांगितलं. गरज नाही, एवढंच तो म्हणाला. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. मी सरळ आत्याला बोलावून आणलं. ती तिथेच क्ष-किरणतज्ज्ञ आहे.

तिनं नव्या फोटोवर बाक मोजला. मणके ओळखू येत होते आणि बाक वाढलेला नव्हता. मला हायसं वाटलं, पण मग हे ठिपके कसले?

आत्यानं समजावलं, की रांगोळी कमी भुरभुरली तर मधे जमीन दिसते, तसे किरण कमी पडले की फोटो रवाळ येतो. मग तिनं जुन्या फोटोच्या कोपऱ्यातला उद्भासांक (यंत्राच्या पाटीवर किती किरण पोहोचले ते सांगणारा आकडा) पाहिला. तो नव्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

"पूर्वी फिल्म असायची. किरण जास्त झाले की ती काळी पडायची, चूक लगेच कळायची," ती म्हणाली. "संगणक मात्र उजेड सारखा करून देतो. किरण जास्त, तेवढा फोटो देखणा. मी रवाळ फोटोंवर कुरकुर करायचे, म्हणून इथली फोटो काढणारी माणसं थोडे थोडे किरण वाढवत गेली. आणि मी त्यांना शाबासकी देत राहिले. झरोका फोटोचं रूप बघत नाही, आकडा बघतो."

म्हणजे संशय घ्यायला हवा होता तो त्या स्वच्छ फोटोचा. मला आत्याचा रागच आला. जादा किरण शरीराला अपायकारक; एखाद्या फोटोनं फारसं बिघडत नाही, पण निहारची उंची वाढायची थांबेपर्यंत असे कितीतरी फोटो निघणार आहेत.

आत्यानं त्याच दिवशी झरोकाला सगळी यंत्रं तपासायला लावली. यापुढे मोजमापाला पुरतील इतकेच किरण सोडायचे. तरी मी निहारला विचारलं, आता तुझे फोटो असे ठिपक्यांचेच येतील, चालेल ना?

शर्टाची बटणं लावत तो म्हणाला, "मला काय ते भिंतीवर लावायचेत?"