आमच्याच गाड्या ठोकतात

रुचिका चहाचा पहिला घोट घेत होती, तेवढ्यात शोरूमवाल्या गोकुळशेठचा फोन आला.

"ताई, लगेच शोरूमला या. दिलवरसिंगआप्पाने गाडी दारात आडवी लावलीय. आफताब मिस्त्रीला कामावरून काढा, नाहीतर गाडी हलणार नाही म्हणतोय."

चहा तसाच राहिला. रुचिकाने रिक्षा पकडली आणि वाटभर मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. आपल्या वरिष्ठांना जरा जास्तच.

तिची चिडचिड उगाच नव्हती. ती पिकअप बनवणाऱ्या कंपनीची तपासणी अधिकारी. नंदुरबारच्या या शोरूममधून विकलेल्या नव्या कोऱ्या डिझेल गाड्यांची इंजिनं आतून ठक्‌ठक् ठोकायला लागली, म्हणून तिला नाशिकहून पाठवलेलं. तिने डिझेल तपासलं, चांगलं निघालं. ऑइल तपासलं, तेही चांगलं. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावला, तर तो म्हणे सगळं ठीक आहे. इंजिन उघडून बघायची परवानगी मागितली, तर मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं की वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन उघडता येणार नाही, ड्रायव्हरांना गाडी नीट चालवायला शिकवा. हे वाचून तिला मोबाइल तापीत फेकून द्यावासा वाटला होता.

शोरूमच्या दारात दिलवरसिंगची गाडी चालूच होती. ठक्, ठक्, ठक्. पत्र्यावर कुणी हातोडी मारत बसावं तसा आवाज. दिलवरसिंग मिरचीचा मोठा शेतकरी, पंचक्रोशीत शब्दाला वजन असलेला माणूस. त्याच्या मागे आणखी पाच-सहा गाडीमालक उभे होते.

"ताई, हाई आवाज आयका," तो म्हणाला. "नवी गाडी शे मन्ही. बाजारमा लई जास तं लोके हासतस. आनी सलाउद्दीनशेठनी गाडी ठोकस का? नही. त्याना भाऊनी ठोकस का? नही. आम्हन्याच गाड्या ठोकतस. आते तुम्हीच सांगा, गाडी देवाना आधी कोना हातमा ऱ्हास?"

सगळ्यांच्या नजरा वर्कशॉपच्या दाराकडे वळल्या. तिथे हेडमिस्त्री आफताब फडक्याला हात पुसत उभा होता. ग्राहकाला द्यायच्या आधी प्रत्येक गाडी तपासायचं काम त्याचं. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो पुसतच राहिला.

माहेर शहाद्याचं असल्यामुळे रुचिकाला दिलवरसिंगच्या अहिराणीचा शब्दन् शब्द कळला होता, आणि जे तो बोलला नाही तेही कळलं होतं.

गोकुळशेठने तिला केबिनमध्ये ओढलं. "ताई, आज संध्याकाळी रिपोर्ट द्या. मिस्त्रीची चूक लिहा. मी त्याला काढतो, विषय संपला."

"त्याची चूक सापडलेली नाही."

"मग कुणाची सापडलीय?"

शेठने दिलवरसिंगला संध्याकाळचा वायदा करून गाडी बाजूला घ्यायला लावली, आणि आता आफताबची नोकरीच नव्हे, गावातलं त्याचं नावही संध्याकाळपर्यंतच शिल्लक होतं.

तिने आफताबला बाकड्यावर बसवलं.

"तपासताना इंजिन चालू करता ना?"

"प्रत्येक वेळी, ताई."

"तेव्हा आवाज?"

"नाही. माझ्या हातून गेली तेव्हा एकही गाडी ठोकत नव्हती. पण ऐकतंय कोण? माझी बायको महजबीन भाजी घ्यायला गेली तर भाजीवाली विचारते, तुझ्या घरच्याने असं का केलं म्हणून."

"तुमच्यानंतर गाडीला कोण हात लावतं?"

"कोणीच नाही. चंदनभाऊ नेतात, ग्राहकाच्या ताब्यात देतात, झालं."

चंदन म्हणजे गोकुळशेठचा भाचा. गाड्या पोहोचवायचं काम त्याच्याकडे. गोड बोलणारा, सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. सुरतेच्या गॅरेजात उमेदवारी केल्याचं तो स्वतःच कौतुकाने सांगायचा. आत्ताही तोच बाहेर लोकांना चहा देत होता आणि हळू आवाजात म्हणत होता, "मी काय बोलू, आप्पा? ज्यांच्या गाड्या ठोकत नाहीत त्यांची नावं बघा, म्हणजे कळेल."

तेवढ्यात वर्कशॉपमध्ये एक पिकअप आली. धडगावकडचा आमशा पहिल्या सर्व्हिसिंगला आला होता. रुचिकाचे कान टवकारले. इंजिन रेशमासारखं चालत होतं.

"आमशादादा, ही गाडी इथूनच घेतली?"

"हां, इथूनच. दिलवरसिंगआप्पाने घेतली त्याच आठवड्यात."

"कधी ठोकली नाही?"

"कशाला ठोकेल? नवी आहे ना."

रुचिका त्याच्याकडे बघतच राहिली. गाड्या मोजताना सगळ्यांनी सपाटीवरच्याच मोजल्या होत्या. डोंगरातल्या माणसाची गाडी कुणाच्या हिशेबातच नव्हती. आमशा काही सलाउद्दीनचा नातेवाईक नव्हता, आणि ही गाडीही आफताबच्याच हातून गेली होती. मग सकाळपासून चाललेल्या त्या बोलण्याला अर्थ काय उरला?

"गाडी नेली कशी?"

"चावी घेतली आणि थेट गावाला. पूजा आमच्या देवापाशी केली."

दुपारी ती दगूबाईंकडे गेली. शहाद्याजवळ त्यांची केळीची बाग. नवरा गेल्यावर शेती आणि वाहतूक दोन्ही स्वतः बघणारी बाई. त्यांची पिकअप ओट्यासमोर उभी होती आणि ठोकत होती.

"कव्हयपासून ठोकस, मावशी?" रुचिकाने अहिराणीतच विचारलं, आणि बाईंचा आवाज लगेच मऊ झाला.

"गाडी घर आणी तव्हयपासून, माय. पूजा करी, गाडीमा बठनू, आनी ठक ठक सुरू."

"पूजा कोठे करी?"

"प्रकाशाले, तापीवर. शोरूमवाला समदासले तठेच लई जातस. चंदन पहाटे गाडी लई जास, झेंडूना हार घाली उभी ठेवस. आम्ही मागथून जातस."

ही गोकुळशेठची काढलेली रीत होती, आणि गिऱ्हाइकांना ती फार आवडायची. सलाउद्दीनसारखे लोक अर्थातच शोरूममधूनच गाडी घेऊन जायचे.

"त्या दिनले काही वेगळं व्हयनं का?"

दगूबाईंनी नाक मुरडलं. "काय वेगळं? फक्त तो पोऱ्या काळा नखे लई पूजाले उभा व्हता. हातले ग्रीसना वास. मी बोलनू, देवना समोर असा येतस का रे? तं म्हने, मावशी, वाटमा पंक्चर व्हयनं, स्टेपनी बदली."

रुचिका तशीच जमिनीवर वाकली आणि गाडीखाली सरकली. साडीला माती लागली, लागू दे. स्टेपनी साखळीला टांगलेली होती. टायरवर कारखान्यातून येतात ते रबराचे बारीक केस जसेच्या तसे, रिमवर कंपनीचं चिकटपट्टीचं लेबल. हे चाक आजवर जमिनीला लागलंच नव्हतं. मग तिने खालची चारही चाकं फिरून बघितली. टायर ट्यूबलेस होते, आणि एकालाही पंक्चर काढल्याची जोड नव्हती.

"मावशी, गाडी शोरूमले लई चला. आत्ते."

शोरूममध्ये आल्यावर तिने मुख्य कार्यालयाला शेवटचा फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते. ती हसली, आणि त्या हसण्यात आनंद बिलकुल नव्हता.

"आफताबभाई, इंजिनाचं वरचं आवरण काढा."

तो मागे सरकला. "ताई, वॉरंटी जाईल. काही निघालं नाही तर तुमची नोकरीही जाईल."

"जाऊ दे. या उत्तरांना मी आता विटलेय. काढा म्हणते ना."

आवरण निघालं. आफताब आत वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्याने आमशाच्या गाडीचंही आवरण काढलं, पुन्हा दगूबाईंच्या गाडीकडे आला, आणि खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रुचिकाने बॅटरी घेऊन स्वतः पाहिलं.

संध्याकाळी सगळे गाडीमालक जमले. गोकुळशेठ घड्याळ बघत होता. चंदन दाराला टेकून उभा होता.

"रिपोर्ट झाला का, ताई?" शेठने विचारलं.

"झाला. आधी चंदनभाऊंना एक विचारते. दगूमावशींच्या पूजेला तुमचे हात काळे का होते?"

"पंक्चर झालं होतं, ताई. स्टेपनी बदलली."

"कोणतं चाक?"

"मागचं. डावं."

"मग ते दुरुस्त कुठे केलं?"

"प्रकाशालाच. आणि परत बसवून टाकलं."

"त्या चाकाला जोड नाही. आणि गाडीखालची स्टेपनी आजवर साखळीवरून उतरलेलीच नाही. लेबलसुद्धा निघालेलं नाही. ज्याला बघायचंय त्याने वाकून बघा."

दिलवरसिंग लगेच वाकला. उठला तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

"सकाळी आप्पा म्हणाले, आमच्याच गाड्या ठोकतात," रुचिका बोलू लागली. "खरं आहे. पण 'आमच्या' म्हणजे कुणाच्या? हिंदूंच्या म्हणावं, तर आमशादादांची गाडी गुपचूप चालते. आफताबभाईंनी बिघडवल्या म्हणावं, तर आमशादादांची आणि सलाउद्दीनशेठची गाडीही त्यांच्याच हातून गेली. ठोकणाऱ्या गाड्यांत एकच गोष्ट सारखी आहे. प्रत्येक गाडी पूजेसाठी पहाटे प्रकाशाला गेली, मालकाशिवाय. जी शोरूममधून थेट घरी गेली, ती ठोकत नाही."

"पूजेनं गाडी ठोकस का?" कुणीतरी चिडून विचारलं.

"पूजेने नाही, भाऊ. वाटेत जे होतं त्याने. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा आकडा कोरलेला असतो, आणि कारखान्यात तोच आकडा गाडीच्या संगणकाला शिकवतात. इंजेक्टर बदलला आणि संगणकाला सांगितलं नाही, तर तो जुन्याच्या मापाने डिझेल सोडत राहतो. इंजिन ठोकायला लागतं. संगणकाला वाटतं सगळं ठीक आहे, म्हणून स्कॅनरही तेच सांगतो. मावशींच्या गाडीत चारही इंजेक्टर जुने, घासून चकाकवलेले निघाले. आकडे संगणकाशी जुळत नाहीत. नटांवरची कंपनीची पिवळी खूण मोडलेली आहे. आमशादादांच्या गाडीत ती अखंड आहे."

दगूबाई आपल्या गाडीच्या उघड्या इंजिनात डोकावल्या.

"हे काम इंजिन उघडता येणाऱ्यालाच जमेल. पहाटे गाडी एकट्याच्या ताब्यात असणाऱ्यालाच जमेल. नवे इंजेक्टर सुरतेला चांगल्या भावाने जातात. आणि सुरतेच्या गॅरेजात कोण होतं, हे चंदनभाऊंनी आपल्याला पुष्कळदा सांगितलंय. पण मला चीड त्याची नाही. चोरी पोलीस बघतील. ज्याने चोरी केली तोच लोकांना चहा पाजून सांगत फिरला, नावं बघा म्हणून. त्याला ठाऊक होतं, नावं बघायला लागलं की कुणी इंजिन बघणार नाही."

चंदनने मामाकडे पाहिलं. "मामा, मी फक्त..."

"गप बैस," गोकुळशेठ म्हणाला. मग तो रुचिकाकडे वळला. "ताई, घरातली गोष्ट आहे. मी नवे इंजेक्टर देतो. आफताब, तुझी नोकरी पक्की. जा, कामाला लाग."

आफताब जागचा हलला नाही.

"गाड्या मी नीट करीन, शेठ. पण मला घरच्या गोष्टीत मोजू नका. मला शिव्या घरात नाही, बाजारात पडल्यात. महजबीन आजही मागच्या गल्लीने जाते."

रिपोर्टमध्ये रुचिका आकडे लिहू शकत होती, पिवळी खूण लिहू शकत होती. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दिलवरसिंग पुढे आला. मान खाली होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"बाजारमा मीच बोलनू व्हतू. मीच सांगसू. उद्या सकाळले मन्हा शेजारे बठ, मिरचीना बाजारमा फेरी मारूत. प्रत्येक वखारसमोर गाडी उभी करसू आनी सांगसू, आफताबनी काहीच करेल नही, मी खोटं बोलनू."

आफताबने डोळे पुसले. "मग आज रात्रीच तुमची गाडी नीट करून देतो, आप्पा."

"नको," दिलवरसिंग म्हणाला. "उद्या ती ठोकू दे. लोके वळीसन देखतीन."