मूठभर खडी

थोरलीचं काम काय, हे ऐकल्यावर लोक आधी हसायचे. पडद्यावर नटी रानातून चालत जाते, पण तिच्या पावलांचा आवाज तिचा नसतो. तो नंतर एका बंद खोलीत, समोर पडदा लावून, दुसऱ्याच कोणीतरी काढलेला असतो. ते दुसरं कोणीतरी म्हणजे थोरली. खोलीत उथळ लाकडी पेट्या मांडलेल्या असायच्या. एकीत वाळू, एकीत सुका पाला, एकीत खडी. पडद्यावरची बाई चालायला लागली की थोरली पेटीत उभी राहून जागच्या जागी चालायची, ती थांबली की थांबायची. स्टुडिओत तिला सगळे पाऊलबाई म्हणायचे.

आठवडाभर असं जागच्या जागी चालायचं आणि सुट्टी लागली की त्याची भरपाई करायला डोंगर गाठायचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. शेजारच्या बाई म्हणायच्या, चालून कमावतेस आणि चालण्यातच उडवतेस, तुझ्या पायाला भिंगरी आहे. थोरलीला ते मान्य होतं. शिवाय डोंगरावरून ती कामाच्या वस्तू आणायची. कुठली माती, कुठला पाला, कुठल्या ओढ्यातले गोटे. भटकंती आणि नोकरी अशी एकाच पिशवीतून घरी यायची, आणि आपण दोन्ही सांभाळतो याचा तिला थोडा तोराही होता.

डोंगरात सोबत असायची ती धाकटी बहीण. दोघी एकाच घरात राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर. धाकटी घरीच बसून पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवायची, त्यामुळे तिला रजेची फिकीर नव्हती. लहानपणी झाडावरून पडून तिचा डावा घोटा मोडला होता. तो बरा झाला, पण चालताना डावी टाच अजूनही किंचित घासायची. इतर कोणाच्या लक्षातही येत नसे. थोरलीला मात्र जिन्यातल्या त्या आवाजावरून धाकटी दमलीय की रागावलीय हेसुद्धा कळायचं. आईवडील गेल्यापासून थोरलीला या जगात आपलं असं एवढंच माणूस होतं.

ती खडी त्यांनी एका खिंडीतून आणली. दोन काळ्या कातळांच्या मधून वाट जेमतेम एक माणूस जाईल एवढीच होती, आणि तिथे बारीक करड्या खडीचा थर होता. कडेची खडी धारदार असते, तिचा आवाज कर्कश येतो. वाटेच्या मधली, लोकांनी तुडवून तुडवून झिजवलेली, तिचा आवाज गोल येतो. थोरली गुडघ्यावर बसली आणि सरळ वाटेच्या मधूनच पिशवी भरायला लागली.

"ताई, कडेची घे ना," धाकटी म्हणाली. "वाटच काय उचलून नेतेस?"

"नेली तर नेली. वाट काही संपत नाही."

पिशवी भरत असताना मागून कोणीतरी चढून येत असल्याचा आवाज आला. वाट अडली होती, म्हणून दोघी कातळाला चिकटून बाजूला झाल्या. कोणी आलं नाही. थोडा वेळ वाट पाहून थोरलीने पिशवीचं तोंड बांधलं. वाटेत वीतभर खोल खड्डा पडला होता.

त्या वेळी स्टुडिओत ज्या चित्रपटाचं काम चालू होतं त्यात एक बाई पायी डोंगर ओलांडून जाते. चालणंच चालणं. दिग्दर्शक घाईला आलेला, आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रणाला बसलेला तो कानसेन. गाण्याचं अंग त्याला अजिबात नव्हतं, पण त्याच्यासारखं ऐकणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून ते नाव. दोघांची जोडी जुनी. कामाची रीत ठरलेली होती. शेवटचं पाऊल टाकल्यावर थोरलीने पुतळ्यासारखं उभं राहायचं, आवाज पूर्ण विरेपर्यंत, कानसेन हात वर करेपर्यंत. त्या शेवटच्या शांततेला ते शेपूट म्हणायचे. शेपूट स्वच्छ हवं, नाहीतर आवाज पुढच्या दृश्याला जोडता येत नाही.

नव्या खडीवरच्या पहिल्याच दृश्याला कानसेनने मान हलवली. "हललीस तू."

थोरली हलली नव्हती. त्याने तिला ऐकवलं. तिची पावलं, मग शांतता, मग अगदी लांब, एक पाऊल.

दोघांनी ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या वेळी तीन पावलं आली, मध्ये थांबली, पुन्हा तीन आली. कानसेन शहाणा माणूस होता. त्याने वरच्या मजल्यावर जाऊन पाहिलं, पाण्याचे नळ बंद करवले, तारा बदलल्या, मायक्रोफोनही बदलला. मग पाल्याच्या पेटीवर घेऊन पाहिलं. शेपूट स्वच्छ. वाळूवर, स्वच्छ. खडीवर, तीन पावलं, थांबा, तीन पावलं. आणि दर वेळी आधीपेक्षा जवळून.

खरं सांगायचं तर थोरलीला खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. ती श्वास रोखून उभी असायची, खोली अगदी चिडीचूप, आणि काचेपलीकडे हेडफोन लावलेल्या कानसेनचा चेहरा हळूहळू उतरत जायचा. काय ऐकू येतंय ते तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं.

एके दुपारी तिने स्वतः हेडफोन लावूनच काम केलं. पावलं टाकली, थांबली. तीन पावलं आली. थांबली. ते चालणं वजनदार होतं, दोन्ही पाय सारखे पडत होते, टाच कुठे घासत नव्हती. मध्ये थांबत होतं ते जणू वाट आहे ना याची खात्री करायला. पुन्हा तीन. आता खडीचा दाणा न् दाणा वेगळा ऐकू येत होता. शेवटचं पाऊल पेटीतच पडलं.

थोरलीने खाली पाहिलं. तिच्या बुटांच्या समोर, अंगठ्याला अंगठा भिडेल इतक्या जवळ, खडीत दोन खळगे पडले होते. ती पाहत असतानाच त्यांतला एक थोडा आणखी खोल गेला.

ती पेटीतून बाहेर कशी आली ते तिलाही आठवत नव्हतं. कानसेनने तिला पाणी दिलं. खडी होती तिथे परत टाकून ये, एवढंच तो म्हणाला. दोघांपैकी कोणीच पेटीकडे पाहिलं नाही.

पण परत टाकायला जायचं कसं? चित्रपट रविवारी द्यायचा होता आणि शेवटचा भाग पूर्ण बाकी होता. सुट्टीच्या दिवशी डोंगरात गेली तर काम बुडणार, काम केलं तर खडी आणखी आठवडाभर स्टुडिओत राहणार. दोन डगरींवर पाय ठेवून इतकी वर्षं मजेत काढली होती, ते आता अंगाशी आलं. तिने घरी येऊन धाकटीला सगळं सांगितलं. धाकटी घाबरली नाही. ती उलट म्हणाली की मला तसंही शनिवारी मोकळंच आहे, मी टाकून येते.

"एकटी नको जाऊस."

"दिवसाउजेडी जाऊन येते, ताई. सगळा रस्ता पाठ आहे मला. तू तुझं काम संपव, नाहीतर नोकरीवरून काढतील आणि मग मला पोसावं लागेल तुला."

थोरली हो म्हणाली. आपण हो म्हणालो याचं तिला लगेचच बरं वाटलं नाही, पण सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटकेचा तिला मोह पडला.

शुक्रवारी तिने पेटी पिशवीत रिकामी केली. शेवटच्या मुठीशी मात्र तिचा हात थांबला. चित्रपटाच्या शेवटी ती बाई खिंडीत येते आणि थबकते, खडीवरचं तेवढं एकच दृश्य राहिलं होतं. त्याला हा गोल आवाज हवा होता. इमारतीच्या बांधकामावरून आणलेल्या कोरड्या खडीत तो कधीच आला नसता, हे तिचे पाय जाणत होते. एका मुठीने काय होतंय, असं म्हणून तिने ती मूठ पेटीतच राहू दिली आणि वरून नवी खडी पसरली. हे तिने धाकटीला सांगितलं नाही. कानसेनलाही नाही.

शनिवारी धाकटी पहाटेच्या गाडीने गेली. दुपारी तिचा फोन आला तेव्हा थोरली पेटीच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होती. मागे वारा वाजत होता. ओतली सगळी, धाकटी म्हणाली, पण खड्डा पुरता भरला नाही गं, थोडी कमी पडली. मी वर उभी राहून दाबून सपाट केलीय. आता उतरते.

थोरलीची नजर पेटीत मागे ठेवलेल्या मुठीकडे गेली. लवकर ये, थांबू नकोस कुठे, एवढंच ती बोलली.

मग तिने शेवटचं दृश्य केलं. पडद्यावरची बाई खिंडीत आली, थबकली. थोरली थबकली. आवाज गोल आला, हवा होता अगदी तसा. ती पुतळ्यासारखी उभी राहिली आणि काचेकडे पाहायला लागली.

कानसेनने हात वर केला नाही. बराच वेळ केला नाही. मग त्याने तिला बोलावून हेडफोन तिच्या हातात दिले.

पावलं होती.

तीन आणि थांबा, ती नव्हेत. ही हलकी होती, न थांबता पडणारी. दोनच पावलांत थोरलीने ओळखलं. डावी टाच घासत होती.

ती जवळ येत नव्हती. लांब जात होती.

थोरलीने फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा लावला. कानसेनला काही न सांगता ती निघाली. तो मागून म्हणाला की मी मायक्रोफोन बंद करत नाही, मी इथेच ऐकत बसतो. तेव्हा ती जिन्यात होती.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. घर रिकामं. टेबलावर धाकटीचे ब्रश पाण्यात तसेच उभे होते. थोरलीने दार उघडंच ठेवलं आणि उंबऱ्याशी कान देऊन बसली. शेजारच्या बाई वर आल्या, त्यांच्या चपला. खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. दर वेळी ती अर्धी उठायची आणि पुन्हा खाली बसायची. आपण का पाठवलं तिला, आपण का पाठवलं, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

मग खालचं दार वाजलं.

तीन पायऱ्या. थांबा.

तीन पायऱ्या. थांबा.

थोरली उठून उभी राहिली. पळून जायला घरात जागा नव्हती, आणि पळायचं तरी कोणापासून, हे तिला स्वतःशीही म्हणवेना. पावलं वजनदार होती. दोन्ही पाय सारखे पडत होते.

कठड्याच्या वळणावर धाकटीचं डोकं दिसलं, मग चेहरा, मग पाठीवरची रिकामी पिशवी. केसांत धूळ होती. ती हसली. तिचंच हसणं होतं ते, ओठ जरा डावीकडे वळणारं.

"टाकून आले," ती म्हणाली.

तिने बूट काढले, ते नेहमीसारखे कोपऱ्यात ठेवले, आणि अनवाणी आत गेली. तीन पावलं टाकून थांबली, स्वयंपाकघर कुठे आहे ते पाहिल्यासारखं केलं, मग पुन्हा तीन. थोरलीने विचारलं, फोन का नाही उचललास. आतून उत्तर आलं, ऐकू आला नाही. आवाज तिचाच होता. पाय दुखतोय का, थोरलीने विचारलं. नाही, मुळीच नाही. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला.

आल्यापासून तिने एकदाही ताई म्हटलं नव्हतं.

फोन वाजला. कानसेन होता, आणि तो कुजबुजत बोलत होता.

"पावलं खूप लांब गेली होती, आता थांबलीत. तिथे कोणीतरी उभं आहे." त्याने पुन्हा हेडफोनला कान दिला. "हाक मारतंय. ताई, ताई, असं. रडतंय गं. तुझी बहीण पोचली ना घरी?"

थोरलीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आतल्या पाण्याचा आवाज बंद झाला.

"पोचली," ती म्हणाली.

स्वयंपाकघराकडून तीन पावलं आली आणि थांबली. दाराच्या अलीकडेच कोणीतरी उभं होतं, ऐकत. मग, एखादा नवा शब्द पहिल्यांदा जिभेवर घोळवून पाहावा तसं, अगदी हळू आवाजात, ते म्हणालं,

"ताई."