आधी पेटी रमू दे

प्रशांतला मुलीकडून नकार आला, आणि तोही माश्यांपायी!

पत्रिका जुळत होती, पगाराची तक्रार नव्हती, घरदार पसंत होतं… पण मुलगी म्हणे म्हणाली, "गावच्या मधपेट्या सोडून मी कुठं जायची नाय." मामांनी हा निरोप अशा आवाजात सांगितला, जणू पोरीच्या डोक्यावरच परिणाम झालाय. आई म्हणाली, सुटलो बाबा. प्रशांत मात्र सुटला नाही. फोटोत त्या मुलीच्या गालावर एक बारीकशी खळी होती आणि ती काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. शिवाय मनात ठसठस होतीच. भातसानगरला धरणाचे दरवाजे उघडबंद करणारा गडी, सापगावात नदीकाठी मळा… आणि त्याच्यावर मात कुणी केली, तर माश्यांनी?

मग एका रविवारी त्याने बाइक काढली. ज्यांच्यामुळे आपल्याला नकार आला, त्या माश्या आहेत तरी कशा, हे त्याला एकदा बघायचं होतं. किन्हवली मागे टाकली, पोटात काही नव्हतं म्हणून सरळगावच्या नाक्यावर दोन केळी खाल्ली आणि तिच्या गावाची, टोकावड्याची वाट धरली. माळावर खुरासणी फुलली होती, पिवळीधमक. बायकांच्या बचत गटाने गावाबाहेर मधबाग केली होती आणि रविवारी ती कुणालाही बघता येत असे. तिथल्या जांभळाखाली त्याने बाइक लावली, केस सारखे केले…

"कोण पायजे?"

वळून पाहतो तर — खळी! अंगात पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, सलवार मोज्यांत खोचलेली, हातात जाळीची टोपी.

"मी… ते… माश्या बघायला आलो."

"नाव?"

आता नकार मिळालेल्या माणसाने स्वतःचं नाव कसं सांगावं? तोंडात आलं ते चुलतभावाचं. "ऋतिक."

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मी मनस्वी. हा काळा शर्ट कुणी घालायला सांगितला?"

"बहिणीने. म्हणाली, शोभतो."

"आमाला शोभतो. माश्यांना अस्वल वाटतं." तिने ओट्यावर बसलेल्या बाईंना हाक दिली. गटाच्या अध्यक्ष त्या, तिची आत्या. "सकुआत्या, काकांचा पांढरा सदरा दे गो. आणि तुमी मान धुऊन या. अख्खी बाटली ओतलीत का अंगावर सेंटची?"

"थोडाच मारला होता…"

"थोडाच? तुमच्या आधी तो वास आला हितं!"

सकुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. प्रशांत मुकाट्याने हातपंपाकडे गेला.

सकुबाईंच्या नवऱ्याचा सदरा त्याला गुडघ्यापर्यंत येत होता. त्यावर जाळीची टोपी चढवून मनस्वीने तिचा बंद मानेमागे आवळला, तेव्हा तिच्या बोटांना धुराचा आणि मेणाचा वास येत होता. तिच्या सूचना मात्र एकामागून एक चालूच होत्या. "पेटीच्या दाराम्होरं उभं राहायचं नाय, ती त्यांची येण्याजाण्याची वाट असते. बाजूने यायचं. हात झाडायचे नाय, फुंकर मारायची नाय. आणि भ्याव वाटलं तर सांगायचं. पळायचं नाय, सावकाश चालत मागं व्हायचं."

"मला नाय भ्याव वाटत."

"वाटू दे की. भ्याणारी माणसं नीट ऐकतात."

तिने धुराच्या भांड्याने दोन हलके भपकारे दिले, झाकण काढलं आणि एक चौकट वर उचलली. प्रशांत बघतच राहिला. हजारो माश्या एकमेकींच्या अंगावरून लगबगीने चालत होत्या, आणि सगळ्यांचा मिळून एक गुणगुणता आवाज येत होता, शेजारच्या खोलीत बायका हळू आवाजात बोलत बसाव्यात तसा. मनस्वीने उघड्या बोटाने एका लांबट माशीकडे दाखवलं. "राणी." हे ती अशा मायेने म्हणाली, की प्रशांतला त्या माशीचा चक्क हेवा वाटला.

पण त्याच्या टोपीभोवती गर्दी व्हायला लागली होती. एक माशी जाळीवर आपटली, मग दुसरी, मग तर पाच-सहा…

मनस्वीने चमकून पाहिलं. "काय खाऊन आलाय?"

"केळी. दोन."

"अरे देवा! माशी डसली ना, की बाकीच्यांना बोलवायला वास सोडते. तो केळ्यासारखा असतो! तुमी तर तोंडानेच आवतण देताय!"

तेवढ्यात कानाशी भुणभुण झाली. जाळीच्या आत! त्याचे हात आपोआप वर निघाले.

"हलू नका." तिने त्याचं मनगट धरलं. "माझ्याकडं बघा. फक्त माझ्याकडं."

हे मात्र त्याला अजिबात अवघड गेलं नाही. तिने चौकट हलकेच जागेवर ठेवली, झाकण लावलं आणि त्याला पावलापावलाने जांभळाआड नेलं. वाटेत कानाच्या पाळीला जाळ लागल्यासारखं झालं. तो पळाला नाही. तिने टोपी वर केली आणि नखाने काटा खरवडून काढला.

"चिमटीत धरायचा नाय, विष आत जातं… दम लागतो का? अंगावर गांधी उठतात?"

"नाय."

"दुखतंय?"

"नाय."

"खोटं."

"…लय दुखतंय."

ती हसली. फोटोतली खळी खरी होती, आणि फोटोपेक्षा खोल होती.

निघताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचं लग्न झाल्यावर या माश्यांचं कसं?"

तिचा चेहरा उतरला. "सरिता होती आमची, माझ्याबरोबर शिकलेली. लग्न होऊन कल्याणला गेली. सासरचे म्हणाले, पुरे झाल्या आता माश्या. तिच्या सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या. ती अजून फोनवर रडते." मग एकदम सावरून म्हणाली, "पुढच्या रविवारी केळी न खाता या."

बटाट्यासारखा कान घेऊन प्रशांत घरी गेला आणि आईला म्हणाला, गांधीलमाशी चावली.

पुढच्या रविवारी तो गेला. त्याच्या पुढच्याही. पांढरा शर्ट, पोटात भाकरी, अंगाला साधा साबण. धूर द्यायला शिकला, चौकट उचलायला शिकला, आणि हात थरथरला की तसं सांगायलाही शिकला. "भ्यालो," म्हणायचा. "मीपण भ्यायचे," ती म्हणायची. भात झोडून झालं, खुरासणीही निघाली, तरी रविवार काही चुकला नाही. "या पोराला माश्यांचं येड लागलंय," सकुबाई म्हणत, आणि मनस्वी मान खाली घालून उगाचच धूर करत बसे.

पौषात एक पेटी माश्यांनी दाटून गेली. तिची दोन करावी लागली.

"नवी पेटी हितंच ठेवली, तर माश्या जुन्या घरी परत जातात," मनस्वी म्हणाली. "लांब न्यायला पायजे, वाट विसरतील इतकी लांब."

"सापगाव…" प्रशांत म्हणाला. "सापगाव चालेल? आमच्या मळ्यात काकडीचे वेल आहेत, बांधाला शेवगा फुललाय. औषध फवारत नाय आमी." मग त्याला पुढचं रोखता येईना. "आणि मला एक सांगायचंय. माझं नाव ऋतिक नाय."

"माहीत आहे, प्रशांत."

"आँ?"

"तुमचा फोटो माझ्या फोनात आहे. त्यातपण तोच काळा शर्ट."

त्याचे दोन्ही कान आता माशी न डसताच लाल झाले. "मग बोलला का नाय?"

"नकार दिल्यावर रुसलेले लय बघितले. ज्यांच्यापायी नकार दिला, त्यांना भेटायला आलेले तुमी पयलेच." ती पेटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "या माश्यांना जागा नाय आवडली, तर भरली पेटी सोडून उडून जातात. आधी पेटी रमू दे. पायांना पराग लावून घरी यायला लागल्या, म्हंजे रमल्या. मग…"

"मग काय?"

"मग बघू."

संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर दाराला जाळी लावून पेटी टेम्पोत चढली. खड्ड्यांचे धक्के लागू नयेत म्हणून प्रशांत ती मांडीवर घेऊन बसला. सकाळी त्याने जाळी काढली. माश्या बाहेर आल्या, पेटीसमोर घिरट्या घातल्या, आत गेल्या. पराग नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. प्रशांतला जेवण जाईना. ड्यूटीवरून सुटला की तो थेट मळ्यात जाऊन बसे. सुटलो म्हणणारी आईसुद्धा आता वेलांशी घुटमळून विचारू लागली, "आणला का रे पराग त्यांनी?"

आणि एका सकाळी एक माशी दारात उतरली. मागच्या पायांना दोन पिवळ्या गोळ्या! मागून दुसरी, मग रांगच लागली. त्याने व्हिडिओ काढून मनस्वीला पाठवला. तिने पाहिला, पण उत्तर नाही.

उत्तर दुपारच्या एसटीने आलं, सकुबाईंना सोबत घेऊन. मनस्वी मळ्यात शिरली ती थेट पेटीपाशी, बाजूने. बराच वेळ वाकून बघत राहिली. ती सरळ झाली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"रमल्या," ती म्हणाली.

"मग?"

"माझी लहानी बहीण आता तिकडच्या पेट्या उघडायला लागलीय. पण रविवारी आपण दोघांनी तिकडं जायचं. दर रविवारी. कबूल?"

"कबूल! कबूल!"

"मग मामांना परत पाठवा. आणि घरी बघायला याल, तेव्हा तो काळा शर्ट घाला."

"आणि माश्या?"

"त्या घरात नसतात," मनस्वी म्हणाली, आणि खळी उमटली. "घरात मी असते. आमाला शोभतो."