तीन दिवसांची खरखर

हिंगोलीच्या बस स्टँडसमोर झेरॉक्सचं एक दुकान होतं आणि त्याच्यावरच्या खोलीत प्रभूचा स्टुडिओ. नावाला स्टुडिओ. एक कॉम्प्युटर, एक माइक, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बापाच्या घोंगड्या ठोकलेल्या. बाप रामकिशन नरसी गावाकडं मेंढरं राखायचा. प्रभू भजनी मंडळांच्या सीड्या करायचा, ऑटोवर वाजवायच्या जाहिराती भरायचा.

२००५ सालच्या माघ महिन्यात मिना पवार आईच्या दवाखान्याचे कागद झेरॉक्स करायला आली. वरून कुण्या बाईचं भजन ऐकू आलं आणि ती कागद हातात घेऊनच जिना चढली.

"इथं बाईमाणसाचा आवाज भरून मिळतो का?"

"मिळतो," प्रभू म्हणाला. "पण बाईमाणूस सोबत आणावं लागतं."

"आणते. घोंगड्यांचा वास सोसला तर."

"वास सीडीत उतरत न्हाई."

ती हसली नाही, पण खाली बसली. मग तिनं सांगितलं. बंजाऱ्यांचा तांडा औंढ्याजवळ. आई जिवनबाईच्या गळ्यात गाठ. पुढच्या सोमवारी नांदेडला ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही असं डॉक्टर म्हणालेले. मिनाचं लग्न वैशाखात ठरलेलं, नवरा दिग्रसकडचा मास्तर. तांड्याच्या रीतीप्रमाणं नवरी घर सोडताना बापाच्या, भावाच्या, आईच्या गळ्यात पडून रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. तो आई लेकीला शिकवते. शिकवायला दोन महिने लागतात, आणि हातात सहा दिवस होते.

"म्हणून भरून घ्यायचाय," ती म्हणाली. "आईच्या आवाजात."

मंगळवारी जिवनबाई आली आणि गायली. प्रभूला तिची बोली कळत नव्हती, तरी त्याचा हात माउसवर तसाच राहिला. आवाज भरलेला होता, कुठंही गाठ नव्हती त्यात. पण परत लावून ऐकलं तर मधेमधे खर्र… कट… कट… तुरीच्या वाळल्या काड्यांवरून कुणी चालल्यासारखं.

प्रभूनं वायर बदलली. प्लग बदलला. अर्थिंगची तार ओली माती करून पुन्हा गाडली. मग ड्रायव्हर काढून नवा टाकला.

"ड्रायव्हर?" मिना म्हणाली. "मग गाडी पंक्चर हाय का?"

"साउंड कार्डाची अन् कॉम्प्युटरची बोलणी करून देतो तो. नवा हाय, रस्ता माहीत न्हाई त्याला."

"आमच्याकडं बोलणी करणारा असाच होता. पत्ताच चुकला."

ती हे सहज बोलली. प्रभूनं मात्र तिच्याकडं पाहिलं… आणि लगेच स्क्रीनकडं.

आईला दमू द्यायचं नाही म्हणून बुधवारी मिना एकटीच आली. दोघी गावातच मावशी भिकाबाईकडं उतरल्या होत्या. ती माइकसमोर बसली, त्यानं हेडफोन लावला.

"बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काल काय जेवल्या ते सांगा."

"भाकर. भाजी. मावशीची भाजी खारट होती. हे पण भरून घेऊन राहिले का तुमी?"

"व्हय. मावशीला ऐकवतो."

ती हसली. त्याच वेळी प्रभूला सापडलं. सॉफ्टवेअरनं भलताच ड्रायव्हर धरला होता आणि बफरचा आकडा चौसष्टवर होता. आवाज जितका येतो तितका सांभाळायला कॉम्प्युटरला सवडच मिळत नव्हती. त्यानं कार्डाचा ड्रायव्हर निवडला, आकडा एक हजार चोवीस केला. मिनाचं हसू कानात स्वच्छ आलं. शेवटचा श्वाससुद्धा.

झालं. एवढंच होतं. आता आईला बोलवायचं, भरून द्यायचं, आणि ही जाणार.

त्यानं आकडा परत चौसष्ट केला, ड्रायव्हरही पहिलाच लावला. "अजून हाय खरखर," तो म्हणाला. "उद्या बघू."

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. चहा झाला, गप्पा झाल्या.

"तुमचं लग्न?" तिनं विचारलं.

"मेंढराच्या घरी कोण पोरगी देऊन राहिलं?"

"काहून? घोंगडी ऊबदार असते म्हणतात…"

माणूस समोर बसलेलं असलं की दिवस मोजायचं सुचत नाही. नंतर मोजत बसतो.

शनिवारी भिकाबाईचा हात धरून जिना चढताना जिवनबाई दोनदा थांबली. ते पाहून प्रभूनं मुकाट्यानं ड्रायव्हर अन् आकडा दोन्ही बदलले. ती गाऊ लागली. दुसऱ्या ओळीला आवाज चिरला, तिसरीला नुसती हवा आली. तीनदा प्रयत्न केला तिनं. पाण्याचा घोटही नीट उतरेना.

"लेकरा," ती कुजबुजली, "बराबर झालं का?"

रेकॉर्डिंगमध्ये खरखर अजिबात नव्हती. म्हणून प्रत्येक चीर ऐकू येत होती.

"व्हय काकू. बराबर."

भिकाबाई तिला धरून खाली घेऊन गेली. मिना सीडीसाठी थांबली.

प्रभू खाली पाहून म्हणाला, "खरखर बुधवारीच गेली होती. मी ती परत आणली."

"मला ठाऊक हाय."

त्यानं मान वर केली.

"चौसष्टचे हजार केले तुमी. मग परत चौसष्ट. मी बाजूलाच तर बसले होते. आकडे वाचता येतात मला."

"मग बोलल्या काहून न्हाई?"

"तुमी काहून न्हाई बोलले?"

खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तेच," ती म्हणाली. "दोघांनी मिळून घालवला आईचा आवाज."

"मी तांड्यावर येतो. तुमच्या वडलांना, बाबूसिंग काकांना भेटतो…"

"बा तुमाला दारात उभं करणार न्हाई. आईनं सांगितलं असतं तर ऐकलं असतं. तिचंच ऐकतो तो. मी आज तिला सांगणार होते…" ती थांबली. "आता कोण बोलंल?"

प्रभूनं माइकची वायर गुंडाळायला घेतली.

"मंगळवारचं द्या," ती म्हणाली. "खरखरीचं. त्यात आई हाय."

त्यानं कोरी सीडी घातली. चांगल्या वेगावर चार मिनिटांत झाली असती. त्यानं वेग सगळ्यात कमी केला. पडद्यावर आकडा आला, बावीस मिनिटं.

मिनानं तो वाचला. मग खुर्ची थोडी पुढं ओढली, हात मांडीवर ठेवले, आणि या वेळीही काही बोलली नाही.