गुरुवारच्या नोंदी

काउंटी कौन्सिलकडे माहितीचा अर्ज करणारेस? कर की संकेत, अवघड काही नाही. अर्जाला पैसे पडत नाहीत. माहिती अधिकाऱ्याला साधा ईमेल करायचा. कुठल्या कायद्याखाली मागतोय ते लिहायचं, रस्ता कुठला ते नीट सांगायचं, आणि तक्रारींची नोंद हवी की पाहणीचा अहवाल, ते नाव घेऊन मागायचं. मोघम मागितलंस तर मोघमच मिळेल. चार आठवड्यांत उत्तर येतं. फक्त एक कर. 'या तारखेपासून' लिहिशील, तसं 'या तारखेपर्यंत' पण लिही.

का म्हणजे... तन्वी, राहू दे तो मोठा दिवा बंद. बसा दोघं. सांगतो.

इथे ओंगारला हे घर घेण्याआधी मी दक्षिणेकडे वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात होतो. काउंटीचं नाव नाही घेत, आपली माणसं अजून तिथे नोकरी करतात. माझ्या टीममध्ये मुकुल देवस्थळी होता, नागपूरचा. अतिशय सरळ मुलगा. त्याची बायको क्षितिजा दुसऱ्या कंपनीत, आणि ज्ञानदा नावाची तीन वर्षांची मुलगी. मुलीला क्रेशमधून रोज मुकुल आणायचा. गुरुवारी मात्र त्याची मीटिंग लांबायची, म्हणून गुरुवारी क्षितिजा.

तिच्या वाटेवर एक वळण होतं. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला खोल चर, पाण्याने भरलेला, वर बारीक तरंगत्या पानांचा हिरवा थर. कठडा नाही. शेतातलं पाणी रस्त्यावर यायचं, मग रस्ता कुठे संपतो आणि चर कुठे सुरू होतो ते कळायचं नाही. क्षितिजा ऑफिसातून निघण्याआधी कौन्सिलला फोन करायची. "चार वेळा सांगितलं त्यांना," असं मला स्वतः म्हणाली होती, आमच्या किचनमध्ये उभी राहून.

बारा जानेवारी दोन हजार तेवीस, गुरुवार, संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास तिची गाडी त्या चरात गेली.

पोलिसांच्या अहवालात कारण काय लिहिलं? वेग.

मुकुलला ते सहन होईना. ती बाई कधी चाळीसच्या वर गाडी नेत नसे. दोन वर्षांनी, म्हणजे पंचवीसच्या जानेवारीत, तिच्या मृत्यूची कोर्टात चौकशी ठरली. अशा चौकशीत दोष कुणाला देत नाहीत, पण त्यातून निदान 'वेग' हा शब्द गेला असता. ज्ञानदा मोठी होऊन उद्या ते कागद वाचेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मला म्हणाला, "काका, तिच्या चार तक्रारी कौन्सिलच्या दप्तरात असणारच ना? त्या मिळवतो."

अर्जाचा मसुदा मीच त्याला करून दिला. 'त्या वळणाबद्दल आलेल्या सर्व तक्रारी, एक जानेवारी दोन हजार बावीसपासून आजपर्यंत.'

आजपर्यंत. तो शब्द माझा.

चोवीसच्या अठरा डिसेंबरला, बुधवारी, उत्तर आलं. अकरा पानं. तक्रार करणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर काळ्या पट्ट्यांखाली झाकलेले, तसा नियमच आहे. पण काही नोंदींत फोन घेणाऱ्याने स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं आणि ते झाकायचं राहून गेलं होतं. 'के फॉर काइट, एस फॉर शुगर, एच फॉर हाउस.' आपण नाही का फोनवर नाव सांगत? क्षितिजा अगदी तसंच सांगायची.

बावीस सालच्या चार नोंदी. चारही गुरुवारच्या. मुकुलने मला फोन केला, रडत होता. "सापडलं काका."

मग त्याने पान उलटलं.

दोन फेब्रुवारी, दोन हजार तेवीस. गुरुवार. 'के फॉर काइट. वळणावर पाणी आहे असं सांगते. दिलेल्या नंबरवर परत फोन केला, लागला नाही. तक्रार बंद.'

नऊ मार्च. गुरुवार. 'पाणी वाढतंय म्हणते. परत फोन लागला नाही. बंद.'

मी म्हटलं, "तारखा चुकल्या असतील रे. टायपिंगची चूक."  तो नुसता पुढे वाचत राहिला.

सोळा नोव्हेंबर. 'मुलीला क्रेशमधून कुणी आणलं का, असं विचारते. हा आपल्या विभागाचा विषय नाही असं सांगितलं. बंद.'

चोवीस ऑक्टोबर, दोन हजार चोवीस. 'फार अंधार आहे म्हणते. त्या रस्त्यावर पथदिव्यांची योजना नाही असं कळवलं. बंद.'

सतरा नोंदी होत्या, तिच्या मृत्यूनंतरच्या. सगळ्या गुरुवारच्या. वेळ पावणेपाच.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. एकोणीस डिसेंबर. मुकुल दुपारीच निघाला. कुणीतरी चावटपणा करतंय, किंवा तारखा चुकल्यात, तेवढं लेखी घ्यायचं आणि परत यायचं, असं ठरवून. ज्ञानदाला शेजारी ठेवलं. कौन्सिलच्या ऑफिसात पोचला तेव्हा साडेचार झाले होते आणि बाहेर काळोख पडला होता. इथला डिसेंबर तुम्हाला माहीतच आहे.

रस्ते विभागाच्या काउंटरवर नोरा म्हणून एक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. मुकुलने पानं पुढे सरकवली. त्यांनी चष्मा लावला आणि हसल्या.

"अरे, युअर वुमन! गुरुवारची." तिकडे ओळखीच्या बाईबद्दल असंच बोलतात. "फार गोड बोलते. कितीदा मीच फोन घेतलाय तिचा. तुम्ही ओळखता तिला?"

मुकुल म्हणाला, "माझी बायको."

"मग तिला सांगा ना, तिचा नंबर चुकीचा आहे. आम्ही परत फोन करतो तर लागतच नाही."

 मुकुलने पिशवीतून मृत्यूचा दाखला काढला आणि काउंटरवर ठेवला. बस.

नोराबाईंनी तो वाचला. तारीख वाचली. मग पानांवरच्या तारखांवरून बोट फिरवलं. खालपर्यंत. बोट थांबलं.

घड्याळात चार पंचेचाळीस.

फोन वाजला.

दोघंही हलले नाहीत. चारदा वाजला. पाचदा. मग नोराबाईंनी उचलला. सवयीने विभागाचं नाव सांगितलं. ऐकलं. त्यांचा चेहरा... मुकुल म्हणतो, तो चेहरा मी विसरू शकत नाही. रिसीव्हर त्यांनी हळूच त्याच्याकडे दिला.

त्याने तो कानाला लावला. डाव्या.

आधी नुसता आवाज. जड. डोकं पाण्याखाली घातलं की येतो तसा. आणि मग त्यातून...

"हॅलो? गुड इव्हिनिंग. मला एका रस्त्याबद्दल तक्रार करायची होती."

तिचं ते ऑफिसातलं इंग्रजी. नम्र. सावकाश.

"नाव सांगते. के फॉर काइट..."

"क्षितिजा," मुकुल म्हणाला.

"एस फॉर शुगर..."

"क्षितिजा, मी आहे. मुकुल."

"एच फॉर हाउस... हॅलो? कुणी ऐकतंय का?"

"मी ऐकतोय! ज्ञानदा घरी आहे. ठीक आहे ती. शाळेत जाते आता. आणलं मी तिला, त्याच दिवशी आणलं. ऐकतेयस ना? क्षितिजा..."

ती थांबली.

 फक्त पाणी.

मग ती बोलली. या वेळी मराठीत.

"सॉरी हं. तुमचा आवाज येत नाहीये."

तुमचा, म्हणाली. नवऱ्याला.

"बरं, राहू दे. मी पुढच्या गुरुवारी फोन करते."

आणि ठेवला.

मुकुल रिसीव्हर धरून तसाच उभा होता. नोराबाईंनी तो त्याच्या हातातून सोडवून घेतला, त्याला खुर्चीवर बसवलं, चहा आणून दिला. तो म्हणाला, "मी पुढच्या गुरुवारी येतो. मी इथेच बसतो. चालेल ना?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी नाताळची सुट्टी आहे."

"मग त्याच्या पुढच्या?"

"ही लाइन उद्या बंद होतेय, बाळा. जानेवारीपासून सगळ्या तक्रारी वेबसाइटवर."

मुकुल दोन जानेवारीला तरीही गेला. काउंटर होता तिथे पुठ्ठ्याचे खोके रचलेले. नोराबाई निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. त्याने तो नंबर स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला. यंत्र बोललं. तक्रार नोंदवायची असेल तर आमच्या संकेतस्थळाला भेट द्या. संपेपर्यंत ऐकलं आणि पुन्हा लावला. पुन्हा तेच. पावणेपाचला ती कुणाशी बोलत असेल, हे त्याने मला विचारलं. 

मग चौकशी झाली. मी होतो कोर्टात. मुकुलने अकराही पानं दिली. त्याला खोटं वागता येत नाही. नुसती बावीस सालची पहिली दोन पानं दे, असं मी सुचवलं होतं, पण ऐकलं नाही. कौन्सिलच्या वकिलाने शांतपणे विचारलं, "ज्या नोंदवहीत मेलेली व्यक्ती सतरा वेळा फोन करते, त्या नोंदवहीतल्या आधीच्या चार नोंदींवर तरी आम्ही विश्वास का ठेवायचा?"

 पानं बाजूला ठेवली गेली. तिचा खरा पुरावा तिच्याच फोनांनी बुडवला. आणि 'आजपर्यंत' मी लिहिलं होतं. 'वेग' तिथेच राहिला. वळणही तसंच आहे. कठडा अजून नाही.

मुकुल मुलीला घेऊन परत गेला, नागपूरला. जायच्या आधी आठवडाभर त्याचा डावा कान दुखत होता. बधिर झाल्यासारखा. मीच त्याला डॉक्टरकडे नेलं. तरुण डॉक्टर होती. आत दिवा धरून बघितलं. पुन्हा बघितलं.

"पोहायला गेला होतास का कुठे? तळ्यात वगैरे?"

मुकुलने मान हलवली. नाही.

तिने पिचकारीने कान धुतला. खाली स्टीलचा ट्रे धरला होता. मी शेजारीच उभा होतो. आधी स्वच्छ पाणी आलं. मग गढूळ. मातकट. कानात मावणार नाही इतकं... येतच राहिलं. 

मग थांबलं.

डॉक्टरने ट्रे दिव्याखाली नेला. त्या मातकट पाण्यावर एक पान तरंगत होतं. मसुराच्या दाण्याएवढं. खाली केसासारखं एक मूळ लोंबत होतं.

हिरवंगार. जिवंत.